एका घासाचा उत्सव
ज्वारीची भाकरी व शेंगदाण्याची चटणी ज्यास रुचत नाहीं असा सोलापूरकर विरळाच. तो नेमका आमच्या घरीं जन्मास आला आहे. वय वर्षें तीन! त्याच्या एका घासासाठीं आजी चिमणी होतात, काका कावळा होतात आणि आजोबांना काठी उभी धरून सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या यात्रेंतला नंदीध्वज मिरवावा लागतो. घास मात्र गालांतच!

अंगावरचें दूध नुकतेंच सुटलेलीं मुलें, पुढें साधे सकस पदार्थ मांडल्यास, आग्रहावांचून आपापलें निवडून खातात व वाढतातहि, असें क्लारा डेव्हिस या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनीं १९२८ सालीं प्रसिद्ध केलें. आम्ही तें मोठ्यानें वाचून दाखविलें.

आजी म्हणाल्या, "तिथें आजी नसेल!"

खरेंच आहे. पोर उपाशी राहील ही धास्ती आमच्या पोटांत. त्याच्या पोटांत भूक शिरावी कशी?