फुलांच्या दरीत मेंढ्या का नाहीत?

पावसाळ्यात उत्तराखंडला जाणार असाल तर फुलांची दरी अवश्य पाहा. गोविंदघाटमार्गे घांघरियाला मुक्काम करा आणि सकाळी लवकर निघा, कारण दरीत रात्री राहायला परवानगी नाही. जुलै-ऑगस्टमध्ये इथे रंगांची नुसती उधळण असते.

१९३१ साली गिर्यारोहक फ्रँक स्माइथ कामेट शिखर सर करून परतताना इथे आले आणि दरी जगाला माहीत झाली. तेव्हा उन्हाळ्यात मेंढपाळ आपले कळप इथेच चरायला आणत. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि चराई बंद झाली.

बंदीमागचं कारण समजण्यासारखं आहे. मेंढ्या कोवळे शेंडे खातात, त्यामुळे झाडाला बी धरत नाही. खुरांनी मातीही उखडते. पण पुढे दरीत अमेला नावाची उंच वनस्पती फोफावली. तिच्या सावलीत लहान फुलझाडं गुदमरतात. कळप तिला आटोक्यात ठेवत होते, असं काही अभ्यासक म्हणतात. इतरांच्या मते ती दरडी आणि चराईनं उखडलेल्या जमिनीतच आधी रुजते. आता मजूर ती हातानं उपटतात. मेंढपाळांचं कुरण मात्र गेलं ते गेलंच.

तुम्ही गेलात की पायवाट सोडू नका. फोटोसाठी फुलांत शिरलात, तर खुरांचं काम तुमचे बूट करतील.