टाकी एक, सिलिंडर चार

'मिसिंग' हा शब्द मंद्रूपच्या रस्त्यावर मराठी, कानडी आणि दखनी या तिन्ही भाषांत सारखाच बोलला जातो. इंजिनाचा ताल मोडला, गाडी जागच्या जागी थरथरू लागली, की कुणीही सांगते, "गाडी मिसिंग मारतेय." ती कशामुळे मारते हे शोधायला वेळ लागतो. कुणामुळे मारते हे ठरवायला मात्र वेळ लागत नाही. २००४ साली आमच्या घरात ही घाई एका पोराच्या रोजीवर उठली होती.

आम्ही तिघे भाऊ. धंदा चादरी-टॉवेलचा. माल सोलापुरातून उचलायचा आणि बाजार, जत्रा, उरूस करत फिरायचे. सोलापूरचा गड्डा, पंढरपूरची आषाढी, गुलबर्ग्याचा बंदेनवाजांचा उरूस, आणि भीमेपलीकडे इंडी, विजापूर. गाडी मॅटाडोर, आकुर्डीच्या बजाज टेम्पोची. ही कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स या नावाने ओळखली जाते आणि मॅटाडोर बनणे बंद होऊन आता दोन दशके उलटली आहेत. अब्बांनी गाडीच्या मागच्या भागात झोपण्यासाठी दोन फळ्या ठोकल्या होत्या. फळ्यांखाली मालाचे गठ्ठे, दाराशी स्टोव्ह आणि पाण्याचा कॅन, कोपऱ्यात गुंडाळलेली जानमाज. शहरातले हौशी लोक अशा गाडीला कॅम्पर व्हॅन म्हणतात. आमचे दुकान, गोदाम आणि झोपायची खोली तीच होती. ती उभी राहिली की तीन चुली थंड.

गाडी चालवायला एक तरुण होता. त्याचे आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, तारेच्या कुंपणाआड वाढलेले. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. तो कायदा देशभरातून १९५२ साली गेला. लोकांच्या मनातून गेला असे आम्ही म्हणणार नाही.

पावसाळा संपता संपता गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली. सकाळी चालू केली की पांढरा धूर आणि थरथराट. भरली गाडी टाकळीजवळ भीमेच्या पुलाकडे निघाली की दम तुटायचा. आधी एका टाकीत दोन बाजार व्हायचे, आता दीडच होऊ लागला. बडे अब्बांनी हिशेबाची वही मिटली आणि निकाल दिला, "छोकरा डिझेल बेच रा है. ऊपर से रॉकेल मिला रा है." पोराचा महिन्याचा पगार त्यांनी अडवून ठेवला. पुरावा विचारला तर म्हणाले, "कौन लोगां हैं, मालूम नै क्या?"

हे वाक्य आम्हा तिघांना टोचले. नावावरून आणि वस्तीवरून आधी संशय घ्यायचा आणि मग तपास करायचा, हा उलटा क्रम आपल्या लोकांना नवा नाही. तो आपल्या अंगावर येतो तेव्हा आपण तक्रार करतो. मग आपल्याच अंगणात तो कसा चालू द्यायचा? बदगुमानी हा गुनाह आहे, हे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आम्ही बडे अब्बांना एवढेच म्हणालो, आधी गाडी दाखवू, मग पोराचे बघू. गाडी फाट्यावरच्या मिस्त्रींकडे नेली. बडे अब्बाही आले आणि तो तरुणही आला. दोघे दोन टोकांना उभे राहिले.

पेट्रोलच्या गाडीत ठिणगी देणारा स्पार्क प्लग असतो, तो काढून बघता येतो. डिझेलला ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती तापते. त्या तापल्या हवेत नोझल डिझेलचा फवारा मारते आणि तो आपोआप पेटतो. आमचे इंजिन मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेले, चार सिलिंडरचे. एक, तीन, चार, दोन या क्रमाने ते पेटायचे. मिस्त्रींनी कुठलाच पुर्जा लगेच बदलला नाही. "पैले सुनना," म्हणाले आणि झाकण उघडून कान लावून बसले.

मग त्यांनी फिल्टरमधले डिझेल काचेच्या ग्लासात काढले. तळाला पाणी नव्हते. त्या काळी रेशनचे रॉकेल निळ्या रंगाचे असायचे. ग्लासात निळी झाक नव्हती आणि वासही डिझेलचाच होता. नळीत हवा शिरली असेल म्हणून तीही काढून पाहिली. थरथराट तसाच.

यानंतर त्यांनी इंजिन हळू चालू ठेवले आणि १७ चा पाना घेतला. पंपातून प्रत्येक नोझलकडे जी लोखंडी नळी जाते, तिचा नट फडके धरून जरासा ढिला करायचा. त्या सिलिंडरचे डिझेल बाहेर पडते. सिलिंडर कामावर असेल तर आवाज लगेच पडतो. पहिला ढिला केला, आवाज पडला. दुसरा, पडला. तिसऱ्याला काहीच फरक नाही. चौथा, पुन्हा पडला.

मिस्त्री बडे अब्बांकडे वळले. "चचा, टाकी एकीच है. डिझेल में मिलावट रहती तो चारों कू मार पडता. तीन कामपर हैं, एकीच सो रा है."

तरीही ते थांबले नाहीत. दोन आणि तीनची नोझले त्यांनी अदलाबदल केली. आता दोन नंबर झोपला आणि तीन जागा झाला. दुखणे नोझलबरोबर सरकले, म्हणजे पंप आणि सिलिंडरचा दाब ठीक होता. चारही नोझले सोलापूरला टेस्टिंगवर लावली. तिघांचा फवारा धुक्यासारखा बारीक आला. एक नुसते ठिबकत होते. ठिबकलेले डिझेल नीट पेटत नव्हते, तेच पांढरा धूर होऊन बाहेर जात होते, आणि चौघांचे ओझे तिघे ओढत होते. डिझेल कुठे जात होते, त्याचा हिशेब मिळाला. वर्षानुवर्षे चालून नोझल झिजले होते.

नवे नोझल बसले, गाडी तालात आली. बडे अब्बांनी खिशातून पगार काढला, पोराच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "तेरा हक है." पोराने पैसे मोजले. मोजायलाच हवे होते. पुढे कितीतरी वर्षे गाडी त्याच्याच हातात राहिली, पण त्या दिवसानंतर टाकी भरली की तो पावती आणून बडे अब्बांसमोर ठेवायचा. कुणी मागितली नव्हती. नोझल एका दिवसात बदलता येते. संशयाने माणसाच्या मनात जे झिजते, ते कुठल्या दुकानात मिळत नाही.

मॅटाडोर आता नाही. घरात कुणावर बोट उठले, सुनेवर असो, शेजाऱ्यावर असो, की आमच्यातले कुणीतरी विचारते, "नट ढिला करून बघितला का?" बोट खाली येते. निदान तपास होईपर्यंत तरी.