थांबलेलं पाणी

ओहोटीच्या वेळी दमणच्या धक्क्यावर गेलं, की होड्या एका कुशीवर कलून चिखलात निजलेल्या दिसतात. दोर सैल पडलेले, काठीवरचे झेंडे मलूल. एका काठाला नानी दमणचा किल्ला, दुसऱ्या काठाला मोटी दमणचा कोट, आणि मधल्या गाळातून वाट काढणारी दमणगंगेची धार. एखादा खलाशी उकिडवा बसून फळ्यांच्या फटीत कापूस ठोकत असतो. मग भरती येते. ढकलत कुणी नाही, ओढत कुणी नाही. पाणी गुपचूप तळाखाली शिरतं आणि होडी झोपेतून उठल्यासारखी सरळ होते. हे पाहताना माझ्या डोक्यात सारखा याच नदीच्या वरच्या अंगाचा, नाशिककडचा पेठ तालुका होता.

पेठला होडी नाही. पाऊस मात्र दोन हजार मिलिमीटरच्या घरातला. नाशिकहून सावळघाट ओलांडला, की पाणी गोदावरीची साथ सोडून पश्चिमेकडे धावतं. तालुक्याच्या उत्तर अंगाचं पार नदीला मिळतं, दक्षिण अंगाचं दमणगंगेला. दिंडोरी तालुक्यातल्या आंबेगावाजवळ उगवलेली ही नदी जेमतेम १३१ किलोमीटरांत समुद्र गाठते. सह्याद्रीच्या माथ्यावरून इतक्या थोड्या वाटेत खाली उतरायचं म्हटल्यावर ती रमतगमत कशी जाईल? जुलैत ओहळ दगडांवर आपटत, फेसाळत निघतात. आवणीला वाकलेल्या बाया इरल्याखालून मान वर न करता नुसत्या आवाजावरून सांगतात, पाणी किती चढलंय ते. अशा पाण्यात वल्हं कसलं चालवणार? शेजारच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याच्या बाया तास नदीवर बल्ल्या टाकून, डोक्यावर हंडे घेऊन पलीकडे जात. २०२२च्या जानेवारीत तिथे लोखंडी पूल आला आणि त्याच वर्षीच्या जुलैतल्या पुरात वाहून गेला.

होडीला थांबलेलं पाणी लागतं. तहानेलाही तेच लागतं, हे मला पेठच्या एका पाड्यावर मे महिन्यात कळलं.

नदीच्या कोरड्या पात्रात झिरा खणला होता, कंबरभर खोल. तळाशी ताटाएवढं पाणी. एक बाई आत उतरून वाटीने ते उचलत होती आणि हंड्याच्या तोंडावर बांधलेल्या लुगड्याच्या फडक्यात ओतत होती. पाच-सहा वाट्या झाल्या, की थांबायचं. वाळूच्या कडेतून पाझर फुटायचा, थेंब थेंब गोळा व्हायचा, मग पुन्हा वाटी. वर चार हंडे रांगेत, त्यांच्या मालकिणी करवंदीच्या सावलीला. मी विचारलं, जरा भराभर नाही का घेता येत? "घाई केली तर गढूळ येतं, दादा," ती म्हणाली आणि हात झऱ्यापाशी धरून बसली. पहिला हंडा भरायला पाऊण तास लागला. दोन महिन्यांपलीकडे याच जागी पुरुषभर पाणी धावणार होतं, आणि थांबणार नव्हतं. काळा पाषाण, उभा उतार, वर मातीचा पातळ थर. पाणी मुरायला जागाच अपुरी.

हे पाणी पहिल्यांदा ऐसपैस थांबतं ते वलसाड जिल्ह्यातल्या मधुबन धरणात. तिथे लगेच होडी येते: दादरा-नगर हवेलीतल्या दुधनीला या जलाशयावर शिकाऱ्यासारख्या नावा फिरतात, सहलीला आलेली माणसं हात पाण्यात सोडून बसतात. त्यांच्या आनंदाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण बोटांतून निसटणाऱ्या त्या पाण्यात पेठच्या नागलीच्या उतारावरची थोडी लाल माती असणार, असं मला तिथे वाटून गेलं खरं.

दमणला नावेच्या म्होरक्याला म्हणायचा आपल्याकडचा शब्द, तांडेल, चक्क आडनाव होऊन बसलाय; घराघरावर 'टंडेल' अशी पाटी. धक्क्यावर एक होडी समुद्रात जायची तयारी करत होती. बर्फ चढला, जाळी चढली. शेवटी गोड्या पाण्याची निळी पिंपं. मधुबनच्या पाण्यात दमणचाही वाटा आहे. खलाशाने जाड नळी पिंपात सोडली. मी घड्याळ पाहिलं. चार मिनिटांत पिंप भरून वाहू लागलं. भरती लागत होती. होडी किंचित हलली, आणि सांडलेलं पाणी फळीवरून ओघळत खाली, खाऱ्यात गेलं.