बॉनेटखालचा गुंता

मॉडिफाय केलेली गाडी दिसली की लोक आधी टायर बघतात, मग बंपर, मग दिवे. बॉनेट उघडायला कुणी सांगत नाही. सांगावं, असं आमचं मत आहे. गाडी कुणी कशी हाताळली ते तिथे कळतं.

आमच्याकडे आलेली जिप्सी दोघा हौशी मालकांच्या हातून गेलेली. 1.3 लिटरचं इंजिन मूळचंच, त्यामुळे आरसी बुकाशी भानगड नव्हती. पण त्याच्याभोवती वायरींचं जाळं! जादा दिवे, एअर हॉर्न, ॲम्प्लिफायर, कधीतरी बसवून काढलेली विंच. वस्तू गेल्या, वायरी राहिल्या. अब्बांनी बॉनेट उघडून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "हे निस्तरल्याशिवाय या गाडीत तुमची अम्मी बसणार नाही." नानी चिपळूणला. कराडहून कुंभार्ली घाट उतरायचा, तोही बहुतेकदा पावसात. अब्बांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

आम्ही दोघे भाऊ आणि बहीण, तिघे मिळून तीन रविवार खपलो. पहिल्या रविवारी एकही वायर कापायची नाही, असं ठरलं होतं. बॅटरीचं ऋण टोक आधी सोडलं. जोडताना ते शेवटी जोडायचं, म्हणजे पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. मग प्रत्येक वायर कुठून निघते, कुठे जाते, हे बोटाने चाचपत शोधायचं. बहिणीने लोणच्याच्या बरणीला लावतात तशा कागदी टेपच्या चिठ्ठ्या प्रत्येकीला लावल्या आणि वहीत नोंद केली. नऊ वायरी कुठेच जात नव्हत्या.

दहावी मात्र जिवंत होती. ॲम्प्लिफायरची लाल वायर बॅटरीच्या धन टोकावरून निघून पत्र्याच्या भोकातून आत गेलेली. वाटेत फ्यूज नाही, भोकाला रबर नाही. पत्र्याच्या कडेने वरचं आवरण खाल्लं होतं, तांबं दिसत होतं. तिथून वीतभर अंतरावर पेट्रोलचा पाइप. आणि आत ॲम्प्लिफायर तर नव्हताच!

गाडीची बॅटरी 12 व्होल्टची. हात लावला तर झटका बसत नाही, म्हणून तिला कुणी भीत नाही. पण शॉर्ट झाली तर हीच बॅटरी शेकडो अँपिअर करंट सोडते, आणि मध्ये फ्यूज नसेल तर वायरच पेटते. फ्यूज लावायचा तो बॅटरीजवळ. ॲम्प्लिफायरजवळ लावला तर मधली सगळी वायर उघडीच राहते. ही वायर आम्ही मुळापासून काढली.

दिव्यांचीही तीच कथा. साध्या 60/55 वॅटच्या जागी 100/90 चे बल्ब होते. दोन्ही मिळून सोळा-सतरा अँपिअर, तेही रिलेशिवाय, जुन्या स्विचमधून. कनेक्टर भाजून तपकिरी झालेला. साधे बल्ब परत लावले, नवा कनेक्टर आणि रिले बसवला.

धाकट्याला वायर टक करायचं होतं. अमेरिकेत जुन्या होंडा सिव्हिकवर हौशी लोक करतात तसं, सगळ्या वायरी मडगार्डच्या आत लपवायच्या आणि बॉनेटखाली फक्त इंजिन दिसू द्यायचं. प्रदर्शनात ते देखणं दिसतंही. पण घाटातला चिखल उडतो तो तिथेच, आणि भर पावसात फ्यूज गेला तर मडगार्ड कोण खोलणार? धाकटा दोन दिवस रुसला होता. शेवटी वायरी बॉडीच्या कडेने नेल्या, जाळीदार नळीत घालून, फ्यूजची पेटी हाताला येईल अशी ठेवून. मोहल्ल्यातले इलेक्ट्रिशियन उस्ताद येऊन बघून गेले. त्यांनी आमचे दोन पट्टे कापून पुन्हा बांधले. "इंजिन माउंटिंगवर हलतं, पोरांनो. थोडी ढिली सोडा."

धुताना प्रेशरचं पाणी मारलं नाही. अल्टरनेटर आणि कनेक्टर प्लॅस्टिकने झाकले आणि ब्रश, रॉकेल, फडकी यांवर भागवलं.

गेल्या महिन्यात अम्मी चिपळूणला जाऊन आली, पुढच्या सीटवर बसून.

एक करडी वायर अजून उरली आहे. तिच्यात करंट येतो, पण सोडून ठेवली तरी गाडीतलं काहीच बंद पडत नाही. तिचा फ्यूज काढून, टोक टेपने झाकून बहिणीने चिठ्ठी लावली आहे. उस्ताद म्हणतात, पावसाळ्यानंतर डॅशबोर्ड खोलून बघू.