कृष्णाकाठची पुस्तके

गेल्या मे महिन्यात आम्ही सांगलीहून भिलारला निघालो, तेव्हा गाडीच्या मागच्या भागात एक जुना खोका होता. त्यात २७ पुस्तके होती. आमच्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, संग्रहातील एवढीच पुस्तके उरली होती. सातारा जिल्ह्यातील भिलार हे ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून प्रसिद्ध आहे. ही पुस्तके तेथे देऊन मोकळे व्हावे, असा माझा विचार होता. सोबत आमच्या सौभाग्यवती, चिरंजीव आणि आठवीतील नात होती.

सांगली ते सातारा हे अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटरचे आहे. बँकेच्या नोकरीत असताना बदल्यांच्या आणि बैठकांच्या निमित्ताने या रस्त्याने मी कितीदा गेलो असेन, त्याची गणती नाही. या वेळी मात्र एक गोष्ट प्रथमच जाणवली. आम्ही कृष्णेच्या प्रवाहाच्या उलट दिशेने चाललो होतो. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा वाई, कऱ्हाड, औदुंबर असे टप्पे घेत सांगलीला येते. तिच्या काठाने वर वर जात असताना नातीला मी या भूमीतील लेखकांची नावे सांगत होतो. ‘ययाति’साठी ज्ञानपीठ पुरस्कार मिळविणारे वि. स. खांडेकर मूळचे सांगलीचे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ नाटकाचा प्रयोग केला तो सांगलीतच. ‘फकिरा’ लिहिणारे अण्णाभाऊ साठे वाळवा तालुक्यातील वाटेगावचे, ‘बनगरवाडी’चे व्यंकटेश माडगूळकर माडगुळ्याचे आणि आपल्या आत्मचरित्राला ‘कृष्णाकाठ’ हेच नाव देणारे यशवंतराव चव्हाण देवराष्ट्र्याचे. एकाच नदीच्या खोऱ्यात कादंबरी, नाटक, ग्रामीण कथा आणि आत्मचरित्र असे सर्व पीक आले. नातीने विचारले, “आजोबा, ही सगळी पुस्तके आपल्या घरी होती का?” मी म्हणालो, “होती.” पुढे काही बोललो नाही.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या समाधीचे दर्शन घेतले. कुंभोज येथे १८८७ साली एका जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊरावांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये तिचे केंद्र साताऱ्यास आणले. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकाच पंक्तीला बसत. ज्या घरांत अक्षर पोहोचले नव्हते, तेथील मुलांच्या हाती त्यांनी पुस्तक दिले. आपल्या समाजातील दानाची परंपरा थोर आहे. परंतु दार उघडणे हेही दानच आहे, हे या माणसाने करून दाखविले.

पुढे वाई. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम या गावात सुरू झाले आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. पुढे तो २० खंडांपर्यंत गेला. कृष्णेच्या घाटांचे हे लहानसे गाव साऱ्या जगाचे ज्ञान मराठीत आणण्याचे ठिकाण झाले, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. वाईनंतर पसरणीचा घाट चढून आम्ही पाचगणीला पोहोचलो आणि महाबळेश्वरच्या रस्त्याने भिलारकडे वळलो.

भिलार हे स्ट्रॉबेरी पिकविणारे गाव. ४ मे २०१७ रोजी ते ‘पुस्तकांचे गाव’ झाले. ही कल्पना ब्रिटनमधील वेल्स प्रांतातल्या ‘हे-ऑन-वाय’ या गावावरून सुचली. तेथे रिचर्ड बूथ या गृहस्थाने १९६२ साली जुन्या पुस्तकांचे दुकान थाटले आणि पाहता पाहता ते गाव जुन्या पुस्तकांची जगप्रसिद्ध बाजारपेठ बनले. आपल्यासारख्या व्यापारी मंडळींना ही गोष्ट सहज समजेल: एका दुकानाने गिऱ्हाईक आणले आणि गिऱ्हाइकाने आणखी दुकाने आणली. भिलारची रीत मात्र वेगळी आहे. येथे विक्री हा हेतूच नाही. राज्य मराठी विकास संस्थेच्या माध्यमातून शासनाने सुरुवातीस सुमारे १५ हजार पुस्तके गावातील २५ ठिकाणी ठेवली. ही ठिकाणे म्हणजे गावकऱ्यांची राहती घरे, मंदिर, शाळा, निवासस्थाने. कोणीही यावे, बसावे आणि विनामूल्य वाचावे.

या योजनेतील खरी गंमत विषयवार विभागणीत आहे. एका घरी कादंबऱ्या, दुसऱ्या घरी कविता, कोठे संतसाहित्य, कोठे इतिहास, कोठे चरित्रे-आत्मचरित्रे, कोठे बालसाहित्य, तर कोठे विनोदी लेखन. भिंतींवर रंगविलेल्या चित्रांवरून कोणत्या घरात काय आहे ते लांबूनच कळते. आमच्या कुटुंबाची तासाभरात चार दिशांना पांगापांग झाली. सौभाग्यवती संतसाहित्याच्या घरी स्थिरावल्या. चिरंजीव एरवी हळदीच्या दरांपलीकडे काही वाचत नाहीत. ते गडकिल्ल्यांच्या पुस्तकात असे रमले की दोनदा फोन वाजला तरी त्यांनी घेतला नाही. नात बालसाहित्याच्या घरी गेली आणि थोड्याच वेळात तेथून निघून विनोदी पुस्तकांच्या घरी जाऊन बसली. मी चरित्रांच्या घरी गेलो.

ते साधे, नांदते घर होते. बाहेरच्या खोलीत पुस्तकांची कपाटे, आत स्वयंपाकघरातून फोडणीचा आवाज. मी दारात थबकलो. परक्याच्या घरात असे शिरावे कसे? तेवढ्यात घरातील वयस्क बाई बाहेर आल्या. “या की काका, बसा. पुस्तक काय पळून जात न्हाई,” असे म्हणून त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. थोडा वेळ वाचल्यावर माझ्यातला बँक अधिकारी जागा झाला. मी विचारले, “बाई, कपाटाला कुलूप नाही. दिवसभर अनोळखी माणसे येतात. पुस्तके जात नाहीत का?”

त्या हसल्या. “कुलूप लावल्यावर मग कोण वाचंल?” एवढेच म्हणून त्या आत गेल्या.

हातातले पुस्तक मिटून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. कारण कुलपाची एक कथा माझ्याजवळही होती.

सांगलीच्या गणपती पेठेत आमची हळदीची पेढी. दुकान सांभाळून अण्णांनी चाळीस वर्षांत सुमारे चारशे पुस्तके जमविली. सागवानी कपाटात ती विषयवार लावलेली असत. अण्णांच्या पश्चात त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आली. बँकेत तिजोरी उघडायला दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्या लागतात. त्या शिस्तीत माझे आयुष्य गेलेले. पुस्तक मागायला कोणी आले की मी काही ना काही सबब सांगत असे. दुकानातील एका हमालाचा मुलगा एकदा ‘फकिरा’ मागायला आला होता. “परीक्षा झाल्यावर ये,” असे सांगून मी त्याला परत पाठविले. तो पुन्हा आला नाही.

आमच्या आईचे मात्र वेगळे होते. मी बँकेत गेलो की ती खुशाल पुस्तके देत असे. तिने त्यासाठी लाल पुठ्ठ्याची एक चोपडी केली होती. पुस्तकाचे नाव, नेणाऱ्याचे नाव, तिथी. परत आले की त्यावर रेघ. पुष्कळ नोंदींवर रेघ नव्हती. मी चिडून म्हणे, “आई, हे सगळे तुझे बुडीत खाते आहे.” ती म्हणे, “असू दे. वाचत असतील.” ती गेल्यानंतर ती चोपडी पेढीच्या जुन्या खातेवह्यांबरोबर माडीवर जाऊन पडली.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आम्ही घाईघाईने धान्य, कागदपत्रे, दूरदर्शन संच, दुकानाच्या वह्या माडीवर नेल्या. खालच्या खोलीतील कपाटाची आठवण कोणालाच झाली नाही. मलाही नाही, आणि किल्ली माझ्याच खिशात होती. पाणी ओसरल्यावर पाहतो तो सागवान फुगून दारे घट्ट बसली होती. कुलूप निघाले, पण दार निघेना. शेवटी पहार घालून कपाट फोडले. आत पुस्तकांची एकसंध, काळपट वीट झाली होती. पाने सुटी करू गेलो तर लगदा हातात येई. अण्णांच्या हस्ताक्षरातील एकही नाव वाचता येत नव्हते.

काही दिवसांनी माडी आवरताना आईची चोपडी हाती लागली. रेघ नसलेल्या ४३ नोंदी होत्या. मी एकेकाला फोन करू लागलो. काही कुटुंबे गाव सोडून गेली होती, काहींची घरे आमच्यासारखीच पाण्यात होती. परंतु मिरजेहून, तासगावहून, विश्रामबागेतून एकेक पुस्तक परत येऊ लागले. कोणी नवे वेष्टन घालून आणले, कोणी शरमून वर्तमानपत्रात गुंडाळून. अशी २७ पुस्तके जमली. जे मी कुलूपबंद, सुरक्षित म्हणून ठेवले होते ते सर्व बुडाले आणि ज्याला मी बुडीत खाते म्हणत होतो तेवढेच तरले. छत्तीस वर्षे ठेवी आणि कर्जे यांचा हिशेब केलेल्या माणसाला हा ताळेबंद समजायला आयुष्याची संध्याकाळ यावी लागली.

भिलारला त्या संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपून आम्ही अंगणात बसलो होतो. चिरंजीवांनी विचारले, “भाऊ, खोका केव्हा द्यायचा?” मी म्हणालो, “उद्या पाहू.”

दुसऱ्या दिवशी आम्ही परतीचा मार्ग बदलून फलटणला गेलो. जिनमंदिरांमुळे जैनांची दक्षिण काशी म्हणविल्या जाणाऱ्या या गावाचे ग्रंथांशी फार मोठे नाते आहे. धवला, जयधवला आणि महाबंध या महान ग्रंथांच्या ताडपत्रीय प्रती मूडबिद्रीस शतकानुशतके जपून ठेवलेल्या होत्या. भाविकांना त्यांचे दर्शन घडे, वाचन मात्र दुर्मीळ होते. ताडपत्रांना कीड लागल्याचे कळले तेव्हा आचार्य शांतिसागर महाराजांना फार खेद झाला. त्यांच्या प्रेरणेने हे ग्रंथ ताम्रपटांवर कोरण्यात आले आणि ते ताम्रपट फलटणला जतन करण्यात आले. दुसरीकडे डॉ. हीरालाल जैन यांनी धवला टीकेसह षट्खंडागमाचे संपादन हाती घेऊन १९३९ साली अमरावतीहून त्याचा पहिला भाग हिंदी अनुवादासह छापून प्रसिद्ध केला. तांब्यावर कोरल्यामुळे ग्रंथ टिकला आणि कागदावर छापल्यामुळे तो अभ्यासकांच्या घरी गेला. जतन आणि प्रसार ही दोन्ही कामे हवीत. मी आयुष्यभर त्यातले एकच केले होते, आणि तेही मला नीट जमले नव्हते.

फलटणहून दहिवडी, विटा, तासगाव असे करीत आम्ही घरी आलो. वाटेत चिरंजीवांनी अंकलखोपचा विषय काढला. भिलारनंतर शासनाने पुस्तकांच्या गावाची कल्पना इतरत्र नेण्याचे ठरविले, तेव्हा आपल्या सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठच्या अंकलखोपची निवड झाली. ते योग्यच होते. त्याला लागूनच असलेल्या औदुंबरला कवी सुधांशु यांच्या काळापासून दर मकरसंक्रांतीला साहित्य संमेलन भरते. “खोका तेथे द्यायचा का?” चिरंजीवांनी विचारले. तोवर माझे ठरले होते.

खोका घरीच आला. पेढीच्या माडीवर रस्त्याकडची एक खोली रिकामी होती. पुराचे पाणी तेथवर चढत नाही. तेथे उघड्या फळ्या मारून घेतल्या. २७ पुस्तके म्हणजे एक फळीसुद्धा भरेना. मग चिरंजीवांनी गडकिल्ल्यांची, सौभाग्यवतींनी अभंगांची, नातीने विनोदी पुस्तकांची भर घातली. ‘फकिरा’ची एक नवी प्रत मी आणली. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीच्या दिवशी, आपण शास्त्राची पूजा करतो. त्या सकाळी पूजा झाल्यावर खोलीचे दार उघडले.

दारावर पाटी नाही, वर्गणी नाही. आईच्या चोपडीत काही कोरी पाने शिल्लक होती. तीच पुढे चालू ठेवली आहे. पहिली नोंद समोरच्या दुकानातील दिवाणजींच्या मुलीची झाली. तिने खांडेकरांची कादंबरी नेली. ती अजून परत आलेली नाही. सौभाग्यवतींनी परवा आठवण करून दिली, तेव्हा मी म्हणालो, “असू दे. वाचत असेल.”