अर्जाचा दुसरा खर्डा

पुणे, रविवार

प्रिय मनू,

तुझा अर्ज सावकाश वाचला. फोनच करणार होते, पण तुझ्या घरात मोकळेपणाने बोलायला कोपरा नसतो, आणि फोनवर तू नुसतं ‘हो मावशी, हो मावशी’ करतेस. लिहून दिलं की पुन्हा उघडून तरी बघशील.

अर्जाची सुरुवातच माफीने केली आहेस. कंपनीला होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे, माझी परिस्थिती समजून घ्यावी, सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. त्यानंतर दीड पान आजार: कोलोनोस्कोपीत काय दिसलं, स्टिरॉइडने चेहरा कसा सुजला, हिमोग्लोबिन किती उतरलं. आणि अगदी तळाशी, जागा उरली म्हणून लिहावं तसं, ‘शक्य असल्यास घरून काम करण्याची परवानगी मिळावी.’ कधीपासून, आठवड्यातले किती दिवस, कोणतं काम, यातलं काहीच नाही.

माझी नोकरी पर्सोनेलमध्ये गेली. ठाणे-बेलापूर पट्ट्यातली कंपनी होती आणि एचआर हे नाव तेव्हा यायचं होतं. टेबलाच्या पलीकडे बसून असे अर्ज वाचलेत, म्हणून सांगते. वाचणाऱ्याला वाईट वाटतं, आणि खरंच वाटतं. पण वाईट वाटलेला साहेब रजा मंजूर करतो. ‘बिचारीला जरा आराम करू दे’ म्हणून सही ठोकतो आणि चांगलं काम केल्याच्या समाधानात चहा मागवतो. तुला रजा नको आहे. तुला काम करायचंय, पगार हवाय, पुढच्या वर्षीची बढतीही हवी आहे. मग अर्जही काम मागणाऱ्या माणसाचा असू दे.

आजार दोन वाक्यांत बसतो. ‘मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येण्याचा हा दीर्घकाळचा आजार औषधांनी शांत राहतो, पण मधूनमधून उसळतो. उसळतो तेव्हा शौचाची कळ अचानक येते आणि थांबवता येत नाही.’ संपलं. रक्त, कळा, रात्रीची जागरणं हे तुझं आणि डॉक्टरांचं. लाजू नकोस म्हणून हे सांगत नाही. जास्त तपशील दिला की वाचणारा आजाराचा विचार करत बसतो आणि मागणं राहूनच जातं.

प्रवास मात्र सविस्तर लिही, कारण घोडं तिथेच अडलंय. घरापासून रिक्षा, डोंबिवलीहून फास्ट, घाटकोपरला उतरून पुलावरची चेंगराचेंगरी, मेट्रो, मग अंधेरीला पुन्हा चालणं. दीड तास धर. लोकलमध्ये संडास नाही, ही गोष्ट मुंबईत इतकी अंगवळणी पडली आहे की कुणी बोलूनही दाखवत नाही. बायकांना फुकट आणि स्वच्छ मुताऱ्या मिळाव्यात म्हणून ‘राइट टू पी’वाल्यांना चळवळ करावी लागली, त्या शहरात हे आपण गृहीत धरून चाललोय. तू मागे सांगितलंस ना, ठाण्याला घाईघाईने उतरलीस, संडासाबाहेर रांग, आणि तिथली बाई सुट्टे नाहीत म्हणून सोडेना. शेवटी मागच्या मुलीने तुझे पैसे भरले. हा प्रसंग अर्जात घालायचा नाही. पण तो आठवून हे वाक्य लिही: ‘आजार सक्रिय असताना स्वच्छतागृह नसलेल्या वाहनातून जाण्यायेण्याचे मिळून रोज तीन तास प्रवास करणं मला शक्य होत नाही. त्याच दिवसांत घरून पूर्णवेळ काम करणं शक्य होतं.’ साहेबही त्याच लोकलने येतो किंवा कधीकाळी येत होता. त्याला जास्त समजवावं लागणार नाही.

आता खरी कटकट. तुमच्याकडे मंगळवार ते गुरुवार ऑफिस, बाकी घरून, असा नियम आहे म्हणतेस. पण तुझ्या आतड्याला मंगळवार कळत नाही. चार महिने काहीच होणार नाही, आणि मग एखादी उसळी, म्हणजे फ्लेअर, तीन आठवडे सोडणार नाही. बरं असतं तेव्हा तू इतकी धडधाकट दिसतेस की ‘हिला काय झालंय?’ असं कुणीही म्हणेल. साहेब लोकांना आजारापेक्षा अनिश्चितपणाची धास्ती जास्त असते. उद्या ही येणार की नाही, हे कळत नसलं की ते चिडतात, आणि त्यांचं अगदीच चूक नाही. म्हणून त्या अनिश्चितपणालाच नियमात बसव. बरं असेल तेव्हा आठवड्याला दोन दिवस ऑफिस, ते दोन दिवस ठरलेले. फ्लेअर सुरू झाला की पूर्ण घरून. त्या दिवशी सकाळी सातच्या आत मॅनेजरला मेसेज. दर सोमवारी डॉक्टर काय म्हणाले ते एका ओळीत. ऑडिट लागलं की कोणती कामं ऑफिसातच होतात आणि त्या वेळी तुला जमलं नाही तर ती कोण बघेल, हेही आधीच लिही. सहा महिन्यांनी सगळ्याचं पुनर्विलोकन. ‘कायमचं घरून’ मागितलंस तर नाही म्हणणं त्यांना सोपं जाईल. मुदतीचं आणि तपासून बघता येईल असं काही मागितलं की नाही म्हणायला कारण शोधावं लागतं.

तुझं काम कागदावर उतरव. व्हेंडरची बिलं, रिकन्सिलिएशन, महिनाअखेरीचं क्लोजिंग. यातलं काय स्क्रीनवर होतं आणि कशाला ऑफिसातली कपाटं उघडावी लागतात, ते वेगळं काढ. शिवाय तुझ्या हातात एक पुरावा आयताच आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हेच काम तू त्याच डोंबिवलीच्या घरातून केलंस. कुणाचं पेमेंट अडलं नाही. तेव्हा डेटाची सुरक्षितता आणि टीम स्पिरिट कुठे गेलं होतं, असं खोचक विचारू नकोस, मनात ठेव. ‘त्या काळातलं माझं काम पाहावं’ एवढं लिहिलं की पुरे.

डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहेस, ती काढून टाक. तिच्यावर लिहिलंय ‘ॲडव्हाइज्ड रेस्ट’. डॉक्टरांना घाई असते, तेच ठरावीक शब्द सगळ्यांना लिहून देतात. रेस्ट म्हणजे रजा आणि अनफिट म्हणजे घरी बस. या चिठ्ठीने तुझा अर्ज तूच खोडून काढते आहेस. त्यांच्याकडे जा आणि काय हवं ते लिहून ने, त्यांना राग येत नाही, उलट बरं वाटतं. आजार दीर्घकाळचा आहे. सक्रिय काळात लांबचा प्रवास टाळावा. जवळ स्वच्छतागृह हवं. टेबलावरचं काम करायला रुग्ण पूर्ण सक्षम आहे. पुढची तपासणी अमुक महिन्यात. यातला ‘सक्षम’ हा शब्द वगळू देऊ नकोस.

तू विचारलंस, मला हक्क आहे का? आहे, पण तुला वाटतो तितका धारदार नाही. इंग्लंडमधल्या रेडिंगच्या चिन्मयने अर्जाचा जो नमुना तुला पाठवला तो तिथल्या २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टवर उभा आहे. बारा महिने किंवा जास्त टिकणारा आणि रोजच्या जगण्यात मोठी अडचण आणणारा आजार असला की तिथे मालकाला वाजवी बदल करावेच लागतात. एप्रिल २०२४ पासून तर नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कुणालाही कामाच्या वेळा किंवा जागा बदलून मागता येते. मालक तिथेही नाही म्हणू शकतो, पण त्याला कारण द्यावं लागतं. तो नमुना नाव बदलून अंधेरीत चालवू नकोस.

आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आहे. त्यातल्या २१ प्रकारांच्या यादीत पार्किन्सन आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, सिकलसेल आहे. तुझा आजार नाही. पण दिव्यांग व्यक्तीची व्याख्या यादीहून रुंद आहे: दीर्घकाळची बाधा, आणि बाहेरच्या अडथळ्यांशी गाठ पडल्यावर इतरांच्या बरोबरीने वावरता न येणं. लोकल हा असाच अडथळा, असं निदान म्हणता तरी येतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात निकाल दिला, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेला. लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला लेखनिक नाकारला होता, कारण त्याचं अपंगत्व ४० टक्के भरत नव्हतं. न्यायालय म्हणालं, ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांना. सोय देताना ती आडवी घालता येणार नाही. सोय ज्याच्या त्याच्या गरजेला बेतलेली हवी, हेही त्यात आहे. मला तो निकाल आवडतो.

तरीही तुझी कंपनी खाजगी आहे हे विसरू नकोस. सोय द्याच, असं कायदा कलम २० मध्ये सरकारी आस्थापनांना बजावतो. खाजगी कंपनीला समान संधी धोरण जाहीर करायला लावतो, आणि २०१७ च्या नियमांनुसार २० किंवा जास्त माणसं असली की संपर्क अधिकारीही नेमायला लावतो. तुमच्या इंट्रानेटवर ते धोरण शोध. बऱ्याचदा ते असतं आणि एचआरलाही आठवत नसतं. अर्जात त्याचा एका ओळीत उल्लेख कर, कलमं घालू नकोस. पहिल्याच पत्रात कलम दिसलं की अर्ज लीगलकडे जातो, आणि लीगलकडे गेलेला कागद लवकर परत येत नाही. नाही म्हणाले तर कारण लेखी माग आणि दोन महिन्यांची चाचणी सुचव. त्यालाही नकार आला तर दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय इथे पुण्यातच आहे, तेव्हा बघू. पगार थोडा कमी केला तरी चालेल, हे वाक्य मात्र आत्ताच खोड. कुणी मागितलेलं नसताना असं काही देऊ करायचं नसतं.

ऑफिसात काय सांगायचं, हे तू ठरव. मी म्हणेन मॅनेजर आणि एचआर, बस. पोटाचं दुखणं म्हटलं की सगळे वैद्य होतात. एक ताक सांगेल, दुसरी बेलाचा मुरंबा आणेल, तिसऱ्याच्या मेहुण्याला अगदी हेच होतं आणि तो योगाने बरा झालेला असतो.

घराचं बोलायचं राहिलं, आणि मला काळजी त्याचीच जास्त आहे. परवानगी मिळाली की घरातल्यांच्या लेखी तू ‘घरीच’ असशील. सिलिंडरवाला, कुरिअर, सोसायटीची माणसं, दुपारी टपकणाऱ्या आत्याबाई, सगळ्यांसाठी दार तूच उघडशील. सासूबाई वाईट नाहीत, पण सून लॅपटॉपपुढे बसली म्हणजे कामात आहे, हे त्यांनी टाळेबंदीतसुद्धा पुरतं मानलं नव्हतं. शिवाय वन बीएचके, माणसं चार आणि संडास एक. ज्या कारणासाठी तू घरी बसणार, ती गोष्ट सकाळी साडेआठला तुझ्या घरातही मोकळी नसते! हसू नकोस, हे निखिलशी आजच बोल. तो आधी आवरेल, बाबा फिरून आल्यावर जातील, काय ते ठरवा. दहाच्या कॉलला मधेच उठावं लागलं तर ‘पाच मिनिटांत येते’ म्हणून उठायचं, कारण सांगायचं नाही, हेही मॅनेजरशी आधी बोलून ठेव. आणि ठरलेल्या दोन दिवसांना बरं असलं की ऑफिसला जाच. अप्रेझलच्या वेळी डोळ्यासमोर असलेला माणूस साहेबाला आधी आठवतो, हे मी उगाच म्हणत नाही.

क्रम असा ठेव: आधी निखिल, मग डॉक्टरांची नवी चिठ्ठी, मग अर्जाचा दुसरा खर्डा. तो एका पानाच्या वर जाऊ देऊ नकोस. इंग्रजीतच पाठव, मी लाल पेन घेऊन बसते. मॅनेजरला मेल टाकायच्या आधी प्रत्यक्ष भेट, महिनाअखेर टाळून.

आणि एक. ताईला, म्हणजे तुझ्या आईला, तू अजून काहीच सांगितलेलं नाहीस, हे मला कळलंय. परवा ती विचारत होती, मनू इतकी बारीक का झाली, डाएट करते का. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पुढच्या आठवड्यात ती इथे राहायला येतेय, तेव्हा मी काय सांगू ते कळव.

तुझी,
शालूमावशी