झाकून ठेवण्याचे दुखणे नव्हे

भगिनींनो, ज्या दुखण्याबद्दल आपण सख्ख्या बहिणीशीही बोलत नाही, त्याबद्दल लिहिते आहे.

चाळिशीनंतर मला दर अर्ध्या तासाला लघवीची घाई होऊ लागली. रात्री चार-चार वेळा उठणे आले. चाळीतला संडास लांब. कधी वाटेतच पातळ ओले होई. लग्नकार्य, एस.टी.चा प्रवास सुटला. कारखान्यातले कामही जाईल, अशी धास्ती बसली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी लघवी आणि साखर तपासली. दोन्हींत दोष निघाला नाही. मूत्राशय पुरते भरण्याआधीच आकसते, म्हणून ही घाई होते, असे त्यांनी समजावले. हा आजार आहे आणि त्याला उपचार आहे, हे ऐकूनच निम्मे ओझे उतरले.

चहा कमी केला. पाणी मात्र तोडायचे नाही; घट्ट लघवीने मूत्राशय जास्तच चिडते. घाई आली की धावायचे नाही. जागीच थांबून लघवी रोखण्याचे स्नायू आवळायचे, कळ ओसरली की सावकाश जायचे. दोन वेळांमधले अंतर हळूहळू 10-15 मिनिटांनी वाढवायचे. स्नायू आवळण्याचा व्यायाम दिवसातून 3 वेळा, दर वेळी 10 दा. जोडीला गोळी, तिने तोंड कोरडे पडते. तीन महिन्यांनी मला अडीच तास थांबता येऊ लागले.

जळजळ, ताप किंवा लघवीत रक्त दिसले तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

आणि घरातल्या पुरुषांनो, आई सारखी उठते म्हणून हसू नका. तिला दवाखान्यात न्या.